वहाण आणि वाहन: आवाज सारखा, नातं शून्य

वहाण शब्द कुठून आला असं विचारलं की पटकन उत्तर येतं, वाहन वरून, आपल्याला वाहून नेते ती वहाण. ऐकायला भारी वाटतं पण साफ चूक आहे, आणि मुळात आपणच तिला पायात घालून वाहतो ना!

वहाण आली संस्कृत उपानह् वरून. त्यात नह् म्हणजे बांधणे, म्हणून उपानह् म्हणजे पायाशी बांधलेली वस्तू. याच नह् पासून सन्नद्ध झाला, म्हणजे कंबर कसून तयार, तर तो वहाणेचा सख्खा भाऊ निघाला. पण उपानह् ची वहाण झाली कशी? पालीत हाच शब्द उपाहना असा दिसतो, म्हणजे न आणि ह ने जागा बदलल्या. याला वर्णविपर्यय म्हणतात, नाव जड आहे पण आपण तो रोज करतो, नुकसानचं नुस्कान, मतलबचं मतबल, आणि वाराणसीचं बनारस झालं त्यातही र आणि न ची अशीच अदलाबदल आहे. मग प चा व झाला (दीपचा दिवा झाला तसाच), न चा ण झाला आणि सुरुवातीचा उ गळून पडला. तो उ गळणं काही नवीन नाही, उपविश् वरून आलेल्या आपल्या 'बसणे' मधूनही तो असाच गेलाय.

मला सगळ्यात आवडतो तो लिंगाचा पुरावा. उपानह् स्त्रीलिंगी, वहाणही स्त्रीलिंगी, आणि वाहन मात्र ते वाहन, नपुंसकलिंगी. दोन हजारांहून जास्त वर्षांत अक्षरं इकडची तिकडे झाली पण 'ती' ची 'ती'च राहिली.

आता बोलताना सगळे चप्पलच म्हणतात, वहाण उरलीय ती 'पायीची वहाण पायीच बरी' असल्या म्हणींत, आणि ती म्हण माणसाला त्याची पायरी दाखवायला वापरतात त्यामुळे मला तरी ती कधीच आवडली नाही. कोल्हापूरकडे पायताण म्हणतात ते पादत्राणाचंच रूप, पायाचं रक्षण करणारं, शिरस्त्राण डोक्याचं तसं. म्हणजे पादत्राण शब्द सांगतो ती वस्तू कशासाठी आहे आणि वहाण सांगते ती घालायची कशी, बांधून. गंमत म्हणजे आजच्या स्लिपरला बांधायचं काही नसतंच, नुसता पाय सरकवायचा.