वस्तू देशाबाहेर गेली कधी? वारसा-कायद्यांची पार्श्वभूमी

नागपूरचे पहिले रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारला २०२५ साली लंडनच्या लिलावात पैसे मोजून घ्यावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. आपल्याच वस्तू विकत किंवा उसन्या का घ्यायच्या, हा संताप रास्त आहे. पण वारसा-कायदा आधी तारीख विचारतो: वस्तू बाहेर गेली तेव्हा तिला अडवणारा कायदा होता का?

हे सर्वांत आधी ओळखलं इटलीने, तेही लूट सोसल्यावर. १७९७ च्या तोलेंतिनो तहानंतर पोपच्या संग्रहातल्या निवडक कलाकृती नेपोलियनने पॅरिसला नेल्या. १८१५ मध्ये शिल्पकार कानोव्हाने त्यांतल्या बऱ्याच परत मिळवल्या. पाचच वर्षांत कार्डिनल पाक्काचा हुकूम निघाला आणि पोपच्या राज्यात उत्खनन व निर्यात दोन्हींवर सरकारी नजर आली. एकसंध इटलीने १९०९ च्या कायद्यात पुढचं पाऊल टाकलं: जमिनीखाली सापडेल ते राष्ट्राचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये दहा लाख डॉलरला घेतलेलं युफ्रोनियसचं ग्रीक पात्र २००८ साली रोमला परतलं. इटलीतल्या थडग्यातून चोरून उपसलेलं ते पात्र १९०९ च्या कायद्याने राष्ट्राचीच मालमत्ता होतं, हा इटलीच्या दाव्याचा कणा.

ब्रिटनमध्ये खासगी मालकीचा मान मोठा. तिथे १९५२ पासूनचे ‘वेव्हर्ली निकष’ तीनच प्रश्न विचारतात: वस्तू देशाच्या इतिहासाशी घट्ट जोडलेली आहे का, सौंदर्याच्या दृष्टीने असाधारण आहे का, अभ्यासासाठी विशेष मोलाची आहे का? एकाचंही उत्तर हो आलं तर निर्यात काही काळ थांबवतात आणि तेवढ्यात देशातल्या कुणी तेवढी किंमत उभी करावी अशी अपेक्षा असते. कुणी पुढे आलं नाही तर वस्तू सहसा जाऊ देतात. २०२१ मध्ये हाच थांबा टिपू सुलतानाच्या सिंहासनावरच्या सोन्याच्या वाघमुखाला लागला. श्रीरंगपट्टणमच्या लुटीतली वस्तू ब्रिटनचा वारसा म्हणून अडवली जाते, हे वाचताना अजूनही गलबलून येतं. संग्रहालयांचे कायदे याहून कडक. १९८३ च्या कायद्यामुळे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच्या विश्वस्तांना संग्रहातली वस्तू मनात आलं म्हणून देऊन टाकता येत नाही. वाघनखं उसनी येतात ती त्यामुळे.

जपानची वाट वेगळी. १९४९ मध्ये होर्युजी मंदिरातली भित्तिचित्रं आगीत होरपळली आणि १९५० च्या कायद्याने वास्तूंबरोबर परंपरागत कलांनाही संरक्षण दिलं.

आपल्याकडचा १८७८ चा कायदा निधीचा, म्हणजे गुप्तधनाचा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा, एवढी त्याची धाव. सापडलेलं आपोआप सरकारचं, असं तो म्हणत नाही. कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, स्मारकांचा कायदा आला. निर्यातीला खरा लगाम १९४७ चा. त्याची जागा १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याने घेतली. तो अमलात यायला १९७६ उजाडलं. शंभर वर्षांची मूर्ती किंवा चित्र, पंचाहत्तर वर्षांचं हस्तलिखित खासगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा नऊ चित्रकारांची चित्रंही देशातच राहतात.

त्याच १९७६ साली तमिळनाडूतल्या पत्तूरला खोदताना नटराज सापडला आणि चोरवाटेने लंडनला पोचला. तिथे खटला उभा राहिला. दावेदारांत भारत सरकार होतं, तमिळनाडू सरकार होतं, पण निकाल लागला तो देवळाच्या बाजूने. पडझड झालेलं शिवमंदिर आपल्या कायद्यात दावा लावू शकणारी व्यक्ती आहे, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केलं. आपल्या वारसा-कायद्यांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय मला वाटतो, आणि तो मिळाला पुरावस्तू कायद्याच्या बाहेरून.

सांस्कृतिक वस्तूंची बेकायदा आयात-निर्यात रोखणारा युनेस्कोचा १९७० चा करार या सगळ्या देशांना जोडतो. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला, ब्रिटनने २००२ मध्ये. तो मागच्या काळाला लागू होत नाही, म्हणून नागपूरच्या तलवारीला त्याचा उपयोग नव्हता. अलीकडच्या चोरीत मात्र तारीख सिद्ध करता येते, फक्त पुरावा हवा. तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानच्या देवळातला नटराज ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये पन्नास लाख डॉलरला घेतला होता. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे त्याच मूर्तीची देवळातली जुनी छायाचित्रं निघाली. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी ती मूर्ती दिल्लीत परत केली.