जुन्या शिडाच्या होडीचे नीरम

होडी कलंडू नये म्हणून तिच्या तळात रचलेले किंवा खालच्या कण्याला, म्हणजे कीलला जोडलेले वजन म्हणजे नीरम. आता ‘बॅलास्ट’ हाच शब्द सर्रास चालतो. कौले, मीठ वाहणारी कोकणची गलबते माल उतरवून रिकामी निघताना तळात दगड-वाळू भरून घेत. एरवी माल हेच त्यांचे नीरम. मुंबई बंदरात नांगरलेल्या जुन्या यॉटमध्ये मात्र ते कायमचे असते, आणि बिघाड तिथेच लपून राहतो.

होडी कलली की पाण्याचा उचल देणारा मध्य कललेल्या बाजूला सरकतो. गुरुत्वमध्य पुरेसा खाली असेल तर ही उचल तिला पुन्हा सरळ करते. वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांत हा तोल ढळतो. डोलकाठीवर रडार चढते, जड डिझेल इंजिनाच्या जागी हलके बसते. गुरुत्वमध्याच्या १० मीटर वर चढवलेले ५ किलो भरून काढायला त्याच्या अर्धा मीटर खाली १०० किलो लागतात. म्हणून नीरम वाढवण्याआधी वरचे वजन उतरवावे. बहुतेकदा तेवढ्याने भागते.

तरीही शंका उरली तर मोजावे. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असते. वारा पडलेला पाहून नांगराचे दोर सैल सोडावेत, तळातले पाणी उपसावे आणि आत एक मीटर दोरीचा ओळंबा टांगावा. समजा, ३ टनांच्या होडीत ६० किलोची पोती मध्यापासून दीड मीटर बाजूला नेली आणि ओळंबा ६ सेंटीमीटर सरकला. ६० × १.५ ला ३००० × ०.०६ ने भागल्यावर आप्लवकेंद्राची, म्हणजे कललेल्या होडीतली उचलीची उभी रेषा तिच्या मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूची, गुरुत्वमध्यापासूनची उंची अर्धा मीटर येते. ओळंबा जितका जास्त सरकेल तितकी ही उंची, आणि होडीचे सुरुवातीचे स्थैर्य, कमी.

१०० किलो शिशाला ९ लिटर जागा पुरते, बिडाला १४, काँक्रीटला ४० हून अधिक. लाकडी होडीत काँक्रीट ओतूच नये. त्याखाली ओल धरते आणि लाकूड आतून कुजते. शिशाच्या लाद्या घट्ट जखडाव्यात, पण तळातल्या आडव्या फासळ्यांमधली पाणी वाहायची भोके मोकळी ठेवावीत. सुटलेली लादी कलत्या बाजूलाच घसरते. अति नीरमही घातक: होडी पाण्यात खोल बसते आणि झटक्यांनी डुलते, ताण डोलकाठीवर येतो. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोममध्ये बुडालेल्या ‘वासा’ जहाजात नीरम कमी पडले. पण वाढवले असते तर तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याच्या आणखी जवळ आल्या असत्या.

तरंगत्या होडीतली मोजणी सोडली तर ही सारी कामे पावसाळ्यात, होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना करतात. तेव्हा कीलचे एक-दोन बोल्ट काढून पाहावेतच. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट दोन्ही टोकांना चकचकीत दिसतो, पण कील आणि लाकडाच्या सांध्यात, जिथे ओल असते नि हवा नसते, तिथे तो पेन्सिलीइतका झिजलेला असू शकतो.