पिस्तूल हातात चटके देऊन राहिलं? दुकानात यायच्या आधी हे वाचा

एप्रिल लागला की आमच्या हत्यारांच्या दुकानात काउंटरवर एक तक्रार हमखास येते. गिऱ्हाईक पिस्तुलाचा पाउच ठेवतात, चेन उघडायच्या आधीच म्हणतात, "भाऊ, हे जास्तच गरम होऊन राहिलं, काही बिघाड तर नाही ना?" बहुतेक वेळा बिघाड काहीच नसतो. पण दर वेळी तेच तोंडी सांगून आमचा घसा कोरडा पडतो म्हणून हे पत्रक छापलं, बिलासोबत घेऊन जा, घरी वाचा.

पहिले हे समजून घ्या की गरम होणं हा दोष नाही. काडतुसातली दारू, म्हणजे पेटते ती, पितात ती नाही, जळली की तिच्या ताकदीतला साधारण चौथा-तिसरा हिस्साच गोळीला ढकलण्यात जातो. बाकीचा बराचसा गरम वायू होऊन तोंडातून बाहेर जातो अन् उरलेला नळीच्या लोखंडात मुरतो. एका गोळीने काही कळत नाही, पण 25 मीटरच्या स्पर्धेसारख्या 60 गोळ्या लागोपाठ मारल्या, वर प्रॅक्टिसच्या वेगळ्या, तर ती गरमी साचत जाते कारण निघून जायला तिला वेळच भेटत नाही. म्हणून हलकं हत्यार लवकर तापते. कानपूरची .32 ची निर्भीक रिव्हॉल्वर, 2014 मध्ये आलेली, साधारण 500 ग्रॅमची, पर्समध्ये ठेवायला छान, पण तेवढ्याच गोळ्यांत ती जाड नळीच्या जड पिस्तुलापेक्षा लवकर चटका देणार, यात कंपनीची चूक नाही, लोखंड कमी असो की टायटॅनियम, वजन कमी तर गरमी साठवायला जागा कमी.

आता आपल्या नागपूरची गोष्ट. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 वर गेला होता, आठवत असेल. डिसेंबरात सकाळी तुम्ही 15-16 डिग्रीच्या पिस्तुलाने सुरुवात करता अन् मे महिन्यात दुपारी तेच पिस्तूल हातात घ्यायच्या आधीच 45 वर बसलेलं असते, म्हणजे जवळपास 30 डिग्री तर एकही गोळी न मारता फुकटात भेटल्या. वरून हवाच एवढी तापलेली की ते थंड व्हायचं नाव घेत नाही, चहा फ्रीजमध्ये लवकर थंड होते अन् ओट्यावर उशिरा, तसंच हे. 60 डिग्रीच्या लोखंडावर बोट पाचेक सेकंद टेकलं तरी कातडी भाजते. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तर आम्ही सरळ सांगतो, सकाळी आठच्या आत जा नाहीतर जाऊच नका.

आणि अर्ध्या तक्रारींचं मूळ नेमबाजीच्या रेंजवर नसतेच, गाडीत असते. घरून निघाले, रस्त्यात तर्री पोह्यासाठी थांबले, पाउच सीटवर, काचा बंद, गाडी उन्हात. अर्ध्या तासात आतलं टेम्परेचर 60 च्या वर सहज जाते. मग रेंजवर पोचून पहिल्याच मॅगझीनला हात पोळते अन् नाव दुकानाचं! परवान्याचं हत्यार असं गाडीत सोडून जाणं तसंही चुकीचं आहे, चोरी झाली तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागते. काडतुसं डॅशबोर्डवर तर कधीच ठेवू नका, गरम दारू जास्त जोर करते अन् वारंवार तापून खराबही होते.

रेंजवर काय करायचं? दोन-तीन मॅगझीन झाल्या की थांबा. मॅगझीन काढा, चेंबर म्हणजे नळीत गोळी बसायची जागा डोळ्याने पहा, बोटानेही तपासा पण चटक्याचं भान ठेवून, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे अडकवून ठेवा, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅगची रंगीत पट्टी घाला, तोंड टारगेटकडे करून टेबलावर ठेवा अन् पाणी प्या. सावली आणि साधा पंखा, एवढंच औषध आहे. फ्लॅगमुळे आजूबाजूच्यांना पण लांबूनच दिसते की रिकामं आहे. कोणी टारगेट बदलायला पुढे गेलं असेल तर थंड झालं का म्हणून हात लावून पाहायचा नाही, रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय टेबलाजवळच जायचं नाही.

ओला रुमाल गुंडाळणं, पाण्याच्या बाटलीचा शिडकावा, बर्फाचा डबा, हे सगळे प्रयोग आमच्याकडे दुरुस्तीला येऊन गेले आहेत. पाणी आतल्या स्प्रिंगांपर्यंत जाते, वाळत नाही अन् महिन्याभरात गंज धरते. गरम पिस्तूल घामाच्या हाताने पुसून फोमच्या डब्यात बंद करणं हे त्याचंच भावंड.

रिव्हॉल्वरवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायची फिरती चकरी, आणि नळीच्या मधे जी बारीक फट असते तिथून प्रत्येक गोळीला गरम वायू बाजूला फेकला जाते, तिथे अंगठा गेला तर गरमीचाच नाही, कापल्याचाही प्रश्न आहे. तीस-चाळीस गोळ्यांनंतर सिलिंडर जड फिरू लागला तर जबरदस्तीने घोडा ओढू नका. तिथे काजळी जमलेली असते अन् लोखंड थोडं फुगलेलं, फट भरून येते. थंड होऊ द्या, ब्रशने साफ करा, बहुतेक वेळा तेवढ्यातच मोकळं होते.

उडालेली पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं गरम कवच, हा आणखी एक प्रकार. मागच्या मे मध्ये माझ्याच कॉलरमधून एक आत शिरली, पोटापर्यंत गेली, अन् मी नाचलो असतो तर हातातलं भरलेलं पिस्तूल कुठे फिरलं असतं सांगता येत नाही. आधी बोट ट्रिगरवरून बाहेर, पिस्तूल टारगेटकडेच धरून टेबलावर ठेवलं, मग काय नाचायचं ते नाचलो. फोड दोन दिवसात गेला. गळाबंद टीशर्ट घाला, टोपी घाला, ताईंनी ओढणी नीट बांधून घ्यावी.

"गरम नळीत गोळी आपोआप सुटते का?" हे पण खूप जण विचारतात. ते मशीनगनमध्ये होते, शेकडो गोळ्या न थांबता मारल्या तर. हौशी माणसाच्या 50-60 गोळ्यांत पिस्तूल तेवढं तापत नाही. तरी तापलेल्या चेंबरमध्ये गोळी ठेवून गप्पा मारत बसू नका. ट्रिगर दाबला अन् गोळी सुटली नाही, तर तोंड टारगेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मगच उघडा.

10 मीटर एअर पिस्तुलवाल्यांची नळी तापत नाही, पण दाबाची हवा भरलेल्या सिलिंडरला ऊन लागते. 25 डिग्रीला 200 बार भरलेला सिलिंडर गाडीत 65 डिग्रीला गेला की आतलं प्रेशर 225 च्या वर पोचते. त्याची मुदत छापलेली असते, ती उलटून गेली असेल तर भरायला आणू नका, आम्ही भरत नाही.

मग दुकानात कधी आणायचं? पुंगळी अडकून राहत असेल किंवा फाटलेली निघत असेल, तिच्या मागची टोपी, पिन आपटते ती, चपटी होत असेल, रिव्हॉल्वरच्या फटीतून शिशाचे कण शेजाऱ्याच्या तोंडावर उडत असतील, किंवा थंडीतल्या सकाळी दहा गोळ्यांतच तापत असेल. हे गरमीचं काम नाही, यात खरंच काहीतरी आहे. घरी कानस घेऊन बसू नका, गल्लीतल्या लेथवाल्याकडे तर नाहीच, आर्म्स ॲक्ट 1959 प्रमाणे परवाना नसलेल्याने धंदा म्हणून हत्यार दुरुस्त करणं गुन्हा आहे.

येताना मूळ लायसन्स सोबत, हत्यार रिकामं, मॅगझीन वेगळी, काडतुसं घरीच. रेंजवरून सरळ येत असाल तर आधी पाउच उघडून सावलीत अर्धा तास राहू द्या, आमच्या कारागिरालाही बोटं दहाच आहेत. मे महिन्यात दुपारी 1 ते 5 शटर बंद असते, बेल वाजवू नका.