वारसाहक्काची बंदूक (कोकण)

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, किंवा त्याच्या हयातीतच, बंदूक कायदेशीर वारसाच्या नावावर करण्याची प्रक्रिया. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार ती चालते. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अशा पुष्कळ बंदुका शेती संरक्षणाच्या परवान्यावरच्या आहेत. रानडुकरांपासून भात आणि माकडांपासून बागायत राखायला आजोबांनी घेतलेली ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक किंवा काडतुसाची एकनळी घरात पिढ्यान् पिढ्या राहते. परवाना असला म्हणून वन्यप्राणी मारण्याची मुभा मात्र मिळत नाही. तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो.

बंदूक ही मालमत्ता आहे, म्हणून ती वारसाकडे येऊ शकते. परवाना मात्र त्या माणसापुरताच असतो आणि तो वारशाने उतरत नाही. मृत्युपत्रात ‘बंदूक थोरल्याला’ असे लिहिलेले असले, तरी थोरल्याला स्वतःच्या नावाचा परवाना काढावाच लागतो. नेमके हेच अनेक घरांत माहीत नसते. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत बंदूक माळ्यावर पडून राहते आणि ज्याने तिला कधी हात लावला नाही, असा मुलगा विनापरवाना हत्यार बाळगल्याच्या गुन्ह्यात सापडू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे विनाविलंब बंदूक आणि शिल्लक काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घेणे. जमा केली म्हणजे हक्क गेला, असे नाही. ठरलेल्या मुदतीत वारस परवाना काढून ती परत घेऊ शकतो किंवा परवानाधारकाला विकू शकतो. मुदत उलटली, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ती सरकारजमा होऊ शकते.

अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, तर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे करायचा. मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र ही त्यातली मुख्य कागदपत्रे. कोकणात घोडे अडते ते या ना-हरकतीवर. घर सामाईक, एक भाऊ गावी, दुसरा मुंबईत, बहीण सासरी. सगळ्यांच्या सह्या एकत्र मिळायला गणपतीची वाट पाहावी लागते. वारसांत पती, पत्नी, मुलगे-मुली यांच्याबरोबरच सून, जावई, भाऊ, बहीण आणि नातवंडेही येतात. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे आणि पोलीस अहवाल प्रतिकूल नको. नळीवरचा क्रमांक परवान्याशी जुळावा लागतो. खाऱ्या हवेत तेलपाण्याविना राहिलेल्या नळीवर गंज चढला, की तोच वाचता येत नाही.

हयातीत हस्तांतरण हा यातला सर्वांत सोयीचा मार्ग असून तो फार कमी वापरला जातो. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली, यांतले जे आधी होईल तेव्हापासून वारसाला परवाना देता येतो. म्हातारा माणूस स्वतः हजर असल्यामुळे कुणाला द्यायची, यावर भावंडांत तंटा राहत नाही.

एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात; पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारशातही तिला सूट नाही. जुन्या वाड्यांतली, दुरुस्त करूनही न चालणारी किंवा केवळ पुराणवस्तू म्हणून उरलेली हत्यारे कलम ४५ खाली शस्त्र अधिनियमातून वगळली आहेत. पण बंदूक त्यात बसते की नाही, हे घरच्या घरी ठरवू नये. ती पोलीस ठाण्यात दाखवून तसे लेखी घ्यावे.