'लेट'ला 'टू' चालत नाही, 'अलाउ'ला लागतो: असं का?

वडोदऱ्यात इंग्रजी व्याकरण शिकवण्याची परंपरा जुनी. बडोदा कॉलेज १८८१ साली सुरू झालं, पुढे खुद्द अरविंद घोष तिथे इंग्रजी शिकवत. आज दांडिया बाजारातल्या मराठी घरातल्या दहावीच्या मुलाची वही उघडली, तर त्यात एक वाक्य हमखास सापडतं: 'माय मदर मेड मी टू वेट'. 'टू'वर लाल काट. 'मग आस्क्ड मी टू वेट कसं चालतं, सर?' या प्रश्नाला उत्तर मिळतं, 'यादी पाठ कर'. मुलांना यापेक्षा चांगलं उत्तर देता येतं.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप प्रत्ययावरूनच कळे. गाणे म्हणजे 'सिंगन'. 'टू' तेव्हा 'कडे' या अर्थाचं साधं अव्यय होतं. हेतू सांगायचा असला की ते पुढे येई आणि क्रियापदाचं रूपही चतुर्थीचं होई: 'टो सिंगेन्ने', म्हणजे 'गायला'. आपलं 'करायला'ही असंच घडलंय. 'करावयास', 'करावयाला' यांतला विभक्तिप्रत्यय आजही त्यात स्पष्ट ऐकू येतो.

पुढच्या काही शतकांत इंग्रजीतले अंत्य प्रत्यय झिजले. 'सिंगन'चं 'सिंगेन' झालं, मग नुसतं 'सिंग' उरलं. मूळ रूप ओळखायला दुसरी खूण हवी होती. ते काम 'टू'कडे आलं आणि त्याचा हेतूचा अर्थ पातळ होत गेला. पण 'कॅन', 'मे', 'शॅल', 'विल', 'मस्ट', 'लेट', 'सी', 'हिअर' यांच्यामागे नुसतं रूप येण्याची सवय आधीपासून मुरलेली होती. ती मोडली नाही. फ्रेंचमधून आलेल्या 'अलाउ', 'परमिट', 'फोर्स', 'रिफ्यूज' यांच्या वाट्याला मात्र 'टू'च आला. म्हणून अर्थ जवळपास एकच असूनही 'लेट मी गो', पण 'अलाउ मी टू गो'. जुन्या घरचं क्रियापद की बाहेरून आलेलं, एवढा प्रश्न विचारला तरी अर्धी यादी उलगडते. अपवाद आहेतच: 'बिगिन' अस्सल इंग्रजी असून 'टू' घेतं आणि 'हेल्प'ला दोन्ही चालतं.

इथल्या मराठी मुलांना घरच्या भाषेचा मोठा आधार आहे. गुजरातीत 'जवा दे' आणि 'जवा कह्युं', दोन्हीकडे 'जवा'च. मराठी मात्र फरक करते: 'जाऊ दे', पण 'जायला सांग'. 'करू शकतो', 'जाऊ दे' हे 'कॅन' आणि 'लेट'शी नेमके जुळतात, 'जायला सांगितलं' हे 'टोल्ड मी टू गो'शी. मराठी शाळा सुटली तरी मुलांच्या बोलण्यातून 'ऊ' आणि 'आयला' हा भेद जाऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

घोटाळा होतो तो 'मेक'पाशी. मराठीत 'थांबायला लावलं', म्हणून मूल 'टू' घालतं. तसं ते लिहिणं अडाणीपणाचं मुळीच नाही. 'मेक' कित्येक शतकं दोन्ही रूपं घेत होतं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तेविसाव्या स्तोत्रात 'मेकेथ मी टू लाय डाउन' असंच छापलं आहे. पुढे कर्तरी प्रयोगातून 'टू' गळला, कर्मणीत टिकला. 'शी मेड मी वेट', पण 'आय वॉज मेड टू वेट'. 'सी' आणि 'हिअर'चंही तसंच: 'आय सॉ हिम एंटर', पण 'ही वॉज सीन टू एंटर'.