स्वयंचलित ग्राहक-कार्यप्रवाह

ग्राहकाच्या पहिल्या चौकशीपासून काम पोचते होऊन शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत जे निरोप, कागद आणि आठवणी पाठवाव्या लागतात, ते व्यवसाय-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरकडून ठरलेल्या क्रमाने आपोआप करून घेण्याची योजना. बोलण्यात तिला ‘वर्कफ्लो’ किंवा ‘ऑटोमेशन’ म्हणतात. एकट्याने किंवा दोन-चार माणसांत चालणाऱ्या सेवा-व्यवसायांत तिचा उपयोग जास्त : लग्नाचे फोटोग्राफर, इंटिरियर डिझायनर, करसल्लागार, खाजगी क्लास. किराणा दुकानाला तिची फारशी गरज नसते, कारण तिथला व्यवहार गल्ल्यावरच संपतो.

कागदपत्रे आपोआप या टेबलावरून त्या टेबलावर फिरवण्याची कल्पना मोठ्या कंपन्यांत आधी रुजली. तिच्यासाठी समान परिभाषा ठरवणारी ‘वर्कफ्लो मॅनेजमेंट कोअॅलिशन’ ही संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. छोट्या धंद्यांपर्यंत ही कल्पना अमेरिकेतून आली. अॅरिझोनात २००१ मध्ये सुरू झालेल्या इन्फ्युजनसॉफ्टने (२०१९ पासून ‘कीप’) ग्राहक-यादी आणि ईमेलची साखळी एकत्र बांधली. २०१३ मध्ये निघालेले हनीबुक आणि त्यानंतरचे डबसाडो यांनी मुख्यतः फोटोग्राफरांसारखे छोटे सेवा-व्यावसायिक डोळ्यांसमोर ठेवले. भारतात चेन्नईच्या झोहोने २००५ मध्ये सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी आणि व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर) आणि २०२० मध्ये खास लहान व्यवसायांसाठी ‘बिगिन’ आणले. असे काहीच विकत न घेता गूगल फॉर्म, शीट आणि अॅप्स स्क्रिप्ट (त्यांच्याकडून आपोआप कामे करवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) जोडून घरचा वर्कफ्लो बनवणारेही पुष्कळ आहेत. मात्र साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टद्वारे दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येते, हे बहुतेकांना १०१ व्या मेलला कळते.

कोणत्याही वर्कफ्लोची वीण सारखीच असते. एक घटना (फॉर्म भरला, करारावर सही झाली, पैसे आले), तिच्यामागून एक क्रिया आणि मध्ये एक मुदत. लग्नाच्या फोटोग्राफरचे उदाहरण घेऊ. संकेतस्थळावरचा चौकशी-फॉर्म भरला की पोच जाते आणि त्या तारखेच्या नोंदीचे पान उघडते. तारीख मोकळी असल्याचे फोटोग्राफरने नक्की केले की दरपत्रक जाते. ते मान्य झाले की करारनामा, सही झाली की अॅडव्हान्सची मागणी, अॅडव्हान्स आला की तारीख पक्की. लग्नाच्या ३० दिवस आधी प्रश्नावली : हळद कुठे, मुहूर्त किती वाजता, कोणत्या आजी-आजोबांचा फोटो चुकवायचा नाही. आठवडाभर आधी उरलेल्या रकमेची आठवण. फोटो सुपूर्द झाल्यावर काही दिवसांनी अभिप्रायाची विनंती.

कागदावर हे सरळ दिसते. पहिली ठेच लागते ती मागे मोजायच्या तारखांना. तुळशीचे लग्न झाले की मुहूर्तांची घाई सुरू होते आणि दहा दिवसांवर आलेल्या लग्नाचेही बुकिंग येते. मग ‘३० दिवस आधी’ ही तारीख २० दिवसांपूर्वीच उलटून गेलेली असते. काही प्रणाली असा निरोप त्याच क्षणी पाठवतात, काही तो कायमचा गाळतात. पहिल्या प्रकारात ग्राहकाला पोच, प्रश्नावली आणि तगादा पाच मिनिटांत एकापाठोपाठ एक मिळतात. दुसऱ्यात प्रश्नावली कधीच जात नाही आणि फोटोग्राफरला हे मांडवात कळते. म्हणून उशिरा येणाऱ्या कामांसाठी वेगळा, आखूड वर्कफ्लो ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी अडचण मराठीची खास आहे. साच्यातल्या मजकुरात नाव, तारीख, कार्यक्रम यांच्या जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर त्या भरते. इंग्रजीत शब्द जसाच्या तसा बसतो. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते, आणि यंत्राला ते ठाऊक नसते. ‘तुमच्या ___च्या तयारीसाठी’ असा साचा केला की ‘लग्नच्या’, ‘मुंजच्या’, ‘बारसेच्या’ असे अवतार बाहेर पडतात. हवे असते ‘लग्नाच्या’, ‘मुंजीच्या’, ‘बारशाच्या’. यावर दोन तोडगे आहेत. एक म्हणजे प्रत्यय टाळून माहिती सुटी मांडणे : ‘कार्यक्रम : बारसे’. दुसरा म्हणजे नोंदीतच ‘बारशाच्या’ हे रूप वेगळ्या रकान्यात भरणे. नावांसाठी ‘यांना’, ‘यांचे’ ही आदरार्थी सर्वनामे कामी येतात : ‘कुलकर्णी यांना नमस्कार’ हे थोडे सरकारी वाटते, पण चुकत नाही. क्रियापदाचे लिंगही सांभाळावे लागते. ‘तुम्ही म्हणाला होतात’ पुरुषाला चालते, बाईंना खटकते. ‘आपण कळवले होते’ दोघांनाही चालते. इंग्रजी साच्यांचे शब्दशः मराठी करणाऱ्यांना हे सुचत नाही, आणि मराठी निरोप ‘कृत्रिम’ वाटतात या तक्रारीचे निम्मे कारण इथे आहे.

निरोप कोणत्या वाटेने जातो यावरही योजना बदलते. अमेरिकी सॉफ्टवेअर ईमेल गृहीत धरते. महाराष्ट्रातला ग्राहक व्हॉट्सअॅपवर असतो. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या व्हॉट्सअॅप बिझनेस अॅपमध्ये स्वागताचा आणि ‘सध्या उपलब्ध नाही’ असा निरोप आपोआप देता येतो, पण तेवढेच. खरी साखळी जोडायची तर व्यवसायांसाठीचा एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरला व्हॉट्सअॅपशी जोडणारा दुवा, लागतो. त्यावर ग्राहकाच्या शेवटच्या निरोपापासून २४ तासच मोकळेपणाने लिहिता येते. त्यानंतर आधी मंजूर करून घेतलेला साचाच पाठवावा लागतो. एसएमएससाठी ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा साचा दोन्ही नोंदवावे लागतात. नोंदणीशी न जुळणारा एसएमएस दूरसंचार कंपनीच अडवते. साच्यात एक शब्द बदलला की तो पोचत नाही, आणि सॉफ्टवेअरच्या पडद्यावर मात्र ‘पाठवला’ असे दिसू शकते.

पैशांच्या टप्प्यावर अमेरिकी साचे जसेच्या तसे उचलले तर हिशोब चुकतो. भारतात जीएसटी नोंदणी असलेल्याने सेवेसाठी अॅडव्हान्स घेतला की त्यावर तेव्हाच कर लागू होतो आणि ग्राहकाला ‘रिसीट व्हाउचर’ (अॅडव्हान्स मिळाल्याची पावती) द्यावे लागते. कर-बीजक (टॅक्स इनव्हॉइस) नंतर येते. तयार वर्कफ्लो मात्र बुकिंगच्या दिवशीच पूर्ण रकमेचे बीजक काढून मोकळा होतो. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या शुल्कासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत : १५,००० रुपयांपर्यंतची बहुतेक कपात एकदा दिलेल्या परवानगीवर होते, पण २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. करारावरच्या ऑनलाइन सहीची बाजू तुलनेने सोपी आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १०अ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरवत नाही.

तरीही सगळ्यात जास्त घोटाळे ज्या एका गोष्टीमुळे होतात तिचा कायद्याशी संबंध नाही. वर्कफ्लोला फक्त त्याच्या वहीतले दिसते. नवरदेवाच्या मामांनी हॉलवरच पाकिटात रोख दिली, वधूपित्याने भलत्याच नंबरवर यूपीआय केले, तर सॉफ्टवेअरच्या लेखी बाकी तशीच उभी असते. मग पैसे चुकते केलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता तिसरा तगादा जातो. यंत्र चुकलेले नसते, ते आज्ञाधारक असते. पण ग्राहकाला तो अपमान वाटतो आणि तो वाटणे योग्यच आहे. घरात मृत्यू होऊन लग्न पुढे ढकलले गेले आणि सुतकातल्या घरी ‘आता फक्त १५ दिवस उरले!’ असा उत्साही निरोप पोचला, तर त्याची भरपाई कोणत्याही सवलतीने होत नाही.

म्हणून वर्कफ्लो लावताना ‘काय पाठवायचे’ याच्याइतकेच ‘कशाने थांबायचे’ हे लिहावे लागते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये यासाठी सोयी असतात : पैसे आल्याची नोंद झाली की पुढचे तगादे रद्द, ग्राहकाने उत्तर दिले की साखळी स्थगित, आणि एखाद्या पायरीआधी मालकाची मंजुरी. पोच, प्रश्नावली, फोटोंची लिंक हे निर्धोकपणे यंत्रावर सोडता येते. दरपत्रक आणि तगादा यांच्यापुढे मंजुरीची पायरी हवीच. ही पायरी म्हणजे स्वयंचलनाचा पराभव, असे शिकवणारे प्रशिक्षक आहेत. त्यांनी रोखीतला धंदा पाहिलेला नसावा.

मांडणीची सुरुवात सॉफ्टवेअर उघडून करू नये. आधी मागच्या पाच-सहा ग्राहकांशी झालेला खरा पत्रव्यवहार काढून, कोणता निरोप कोणत्या दिवशी गेला ते वहीत ओळीने लिहावे. अनेकदा असे दिसते की ठरलेला क्रम नव्हताच. मग स्वतःच्याच दुसऱ्या नंबराने खोटा ग्राहक बनून पूर्ण साखळी एकदा चालवून पाहावी, त्यात एकदा मुद्दाम पैसे उशिरा भरावेत आणि एकदा तारीख बदलावी. पूर्वी पक्के झालेले ग्राहक नव्या वर्कफ्लोत एकदम ओतू नयेत, नाहीतर वर्षभरापूर्वी लग्न झालेल्यांना प्रश्नावली जाते. सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली तर ग्राहकांची यादी आणि सह्या झालेले करार उतरवून घेता येतात. वर्कफ्लो मात्र सहसा नव्या ठिकाणी नेता येत नाही आणि वहीतल्या त्या पानावरून पुन्हा बांधावा लागतो.