कुंकू पुसायचं कधी? पानिपतावरच्या नाटकांमागचा इतिहास

भरत नाट्य मंदिरात पानिपतावरचं नाटक लागलं, की एक गंमत होते. गंमत म्हणावं का, हा प्रश्नच आहे. प्रेक्षक ज्या पेठेत तिकीट काढून बसलेला असतो, ती सदाशिव पेठ ज्याच्या नावाने ओळखली जाते, तोच माणूस नाटकात शेवटपर्यंत सापडत नाही. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ पानिपताहून परत आले नाहीत. त्यांचं काय झालं, याचं सगळ्यांना पटेल असं उत्तर पुण्याला बरीच वर्षं मिळालं नाही.

१४ जानेवारी १७६१ ची लढाई सर्वांना ठाऊक आहे. पेशव्यांचे थोरले पुत्र विश्वासराव यांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत दिसेनासे झाले. नानासाहेब पेशवे तेव्हा मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते. भेलशाच्या आसपास त्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र पडलं. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही, असा त्याचा मजकूर. मोत्ये म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. सावकारी भाषेतला हा हिशेब आजही पुण्यात कुणालाही तोंडपाठ असतो. नानासाहेब खचले ते खचलेच. २३ जून १७६१ ला पर्वतीवर त्यांचा अंत झाला. आज पर्वती चढून गेलं, की देवदेवेश्वराच्या दर्शनाबरोबर तेही आठवतं.

पण नाटकाचं खरं बीज रणावर नाही, वाड्यात आहे. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई लढाईच्या वेळी छावणीत होत्या. त्या वाचल्या आणि पुण्याला परतल्या. अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलंय, की रणात एक शिर नसलेलं प्रेत सापडलं आणि अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचं ठरलं. पुण्याला परतलेल्या या बाईने हे प्रेत पाहिलं नव्हतं. खुणा दुसऱ्यांनी ओळखल्या, अग्नी दुसऱ्यांनी दिला. तिने ते मानलं नाही. केशवपन नाही, विधवेचं आलवण लुगडं नाही, कपाळावरचं कुंकू तसंच. आणि पेशव्यांच्या घरानेही तिच्यावर सक्ती केली नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या काळच्या कर्मठ पुण्यात एवढी सवलत सहजासहजी मिळणारी नव्हती.

बेपत्ता माणसासाठी शास्त्रात सोय होती. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं. म्हणजे दुःखालाही मुदत होती. ती मुदत १७७३ मध्ये संपली. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि वाड्याला रडायला नवं कारण मिळालं. पार्वतीबाईंचं कुंकू मात्र राहिलंच.

लाखभर बांगडी फुटली असं म्हणतात. आकड्याचं सोडा, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ना प्रेत आलं, ना निरोप. अशा समाजात कुणी उभा राहून ‘मी भाऊ’ म्हणाला, तर त्याला नुसता ठग म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण तेच म्हणाला. माधवरावांच्या काळात त्याला कैदेत टाकलं होतं. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या सुभेदाराने, रामचंद्र नाईक परांजप्याने, त्याला बाहेर काढलं. बघता बघता त्याच्यामागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याला मोडलं. समुद्रावाटे मुंबईकडे पळताना तो आंग्र्यांच्या तावडीत सापडला आणि पुण्यात आणला गेला. चौकशी झाली आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला गेला.

कारभार तेव्हा नाना फडणविसांकडे होता. नाना स्वतः पानिपताहून जीव वाचवून आलेले, त्यांची आई तिथेच गेलेली. भाऊंना त्यांनी जवळून पाहिलं होतं. तोतयाला खोटा ठरवणं म्हणजे भाऊ गेले हे पुण्याच्या तोंडावर सांगणं, आणि पार्वतीबाई त्याच शहरात! नाटककाराला याहून जास्त काय हवं? न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ लिहिलं ते उगीच नाही.

त्याआधीचा धागाही इथलाच. विनायक जनार्दन कीर्तन्यांचं ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चं, म्हणजे पानिपताला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हाचं. मराठी नाटक तोवर पुराणातल्या कथांवर चाललं होतं. या नाटकाने माधवरावांचा मृत्यू आणि रमाबाईंचं सती जाणं यावर पडदा पाडला. पानिपतामुळे ऐन सोळाव्या वर्षी गादीवर बसावं लागलेल्या मुलाची ती कहाणी. मराठीतली पहिली स्वतंत्र शोकांतिका म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे शोकाने नाटक संपवायला मराठी रंगभूमी शिकली ती पानिपताच्या सावलीत, असं म्हणायचा मला मोह होतो.

कागदपत्रं नंतर आली. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो पानिपतापर्यंतच्या पत्रांचा. डेक्कन कॉलेजातल्या त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ मराठीत १९६१ मध्ये आलं. त्याच वर्षी १२ जुलैला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पुण्याने स्वतःची माणसं शोधली. पुढे विश्वास पाटलांच्या कादंबरीवरून वामन केंद्रे यांनी ‘रणांगण’ रंगमंचावर आणलं.

‘विश्वास तर पानिपतातच गेला’ हे पुणेकर उधारी मागणाऱ्याला आजही ऐकवतो. ‘संक्रांत कोसळणे’ हेही पानिपतावरूनच आलं असं छातीठोक सांगतात. मला ते तितकंसं पटत नाही. पंचांगातली संक्रांतदेवी जिकडे बघते तिकडे अनिष्ट, ही समजूत त्यामागे असावी. शिवाय त्या वर्षी संक्रांत लढाईच्या काही दिवस आधीच होऊन गेली होती. पण नाटकवाल्यांना आजच्या तारखेचा हा योग सोडवत नाही. तिळगूळ वाटायच्या दिवसाशी जोडलेलं मरण रंगमंचावर बोलतंच.

अडचण येते ती रंगभूषेत. लढाई पहिल्या अंकात संपली, तरी पार्वतीबाईंच्या भूमिकेतल्या नटीचं कुंकू पुसता येत नाही. त्या गेल्या १७८३ मध्ये, लढाईनंतर बावीस वर्षांनी, कुंकवानिशी.